इंग्रजी येतेच, मग ए-लेव्हलला पुन्हा इंग्रजी कशाला?

पत्र : आम्ही चार वर्षांपूर्वी नाशिकहून इंग्लंडमध्ये स्लाउ येथे राहायला आलो. मुलगी 16 वर्षांची असून येत्या उन्हाळ्यात जीसीएसईची, म्हणजे आपल्या दहावीसारखी परीक्षा देईल. सप्टेंबरपासून तिला सिक्स्थ फॉर्म कॉलेजात, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीसारख्या दोन वर्षांच्या ए-लेव्हलला, ‘इंग्लिश लँग्वेज अँड लिटरेचर’, इतिहास आणि मानसशास्त्र असे तीन विषय घ्यायचे आहेत. सराव परीक्षेत तिला इंग्रजी भाषेत 8, इंग्रजी साहित्यात 7 आणि गणितात 6 अशी श्रेणी मिळाली (9 ही सर्वोच्च). तिच्या बाबांचे म्हणणे असे, की इंग्रजी तर तिला येतेच. तेच पुन्हा दोन वर्षे शिकण्यापेक्षा तिने गणित आणि विज्ञान घ्यावे. ओळखीच्या एका कुटुंबाने सांगितले, की भाषा आणि साहित्य एकत्र असलेला विषय सोपा समजला जातो आणि विद्यापीठे त्याला किंमत देत नाहीत. माझी धास्ती वेगळीच आहे. जी मुले पाळण्यातच इंग्रजी ऐकत वाढली, त्यांच्यापुढे आमची मुलगी टिकेल का? मी स्वतः मराठी विषय घेऊन बी.ए. केले आहे. या बाबतीत तिला माझी काही मदत होईल असे वाटत नाही. – एक आई

प्रिय भगिनी,

तुमच्या यजमानांचा प्रश्न आधी घेते, कारण तो आपल्याकडच्या अनेक घरांत विचारला जातो आणि तो का पडतो हेही मला समजते. महाराष्ट्रात अकरावी-बारावीला कला, वाणिज्य, विज्ञान यांपैकी कोणतीही शाखा घेतली तरी इंग्रजी सक्तीचेच असते. उताऱ्यावरचे प्रश्न, व्याकरण, पत्रलेखन, सारांश हे सर्वांनाच करावे लागते आणि म्हणून इंग्रजी म्हणजे ‘आलीच पाहिजे अशी भाषा’ ही समजूत मनात पक्की बसते. इंग्लंडमध्ये ही सक्ती 16 व्या वर्षी संपते. जीसीएसईला इंग्रजीत 4 ही श्रेणी मिळाली नाही तर विद्यार्थ्याला पुढेही इंग्रजी चालू ठेवावे लागते. ज्यांना ती मिळाली, त्यांचा इंग्रजीशी विषय म्हणून असलेला संबंध तिथेच संपू शकतो. त्यानंतर जो ए-लेव्हलला इंग्रजी घेतो, तो भौतिकशास्त्र किंवा इतिहास घ्यावा तसा स्वतःहून निवडून घेतो. यजमानांना एवढेच विचारून पाहा, की मी बी.ए.ला मराठी घेतले तेव्हा मराठी शिकायला गेले होते का? मराठी तर तुम्हाला येतच होती. संतकवींची भाषा, छंद, भाषाशास्त्र, समीक्षा हे सारे तुम्ही जे शिकलात, ते केवळ मराठी बोलता येते म्हणून कोणाला आपोआप येत नाही. तुमची मुलगी नेमके तेच इंग्रजीच्या बाबतीत करू पाहते आहे.

आता विषयाच्या नावांतला गोंधळ दूर करू. इंग्लंडमध्ये ए-लेव्हलचे इंग्रजीचे तीन निरनिराळे विषय आहेत. केवळ साहित्य, म्हणजे मुलांच्या बोलीतले ‘लिट’; केवळ भाषा, म्हणजे ‘लँग’; आणि तिसरा दोहोंचा जोडविषय, ‘लँग-लिट’. साहित्याच्या अभ्यासक्रमात दोन वर्षांत किमान आठ कृती वाचाव्या लागतात. त्यांतल्या तीन 1900 पूर्वीच्या असाव्या लागतात, त्यांत शेक्सपिअर असतोच, आणि किमान एक कृती 2000 नंतरची असते. भाषेच्या अभ्यासक्रमात कादंबऱ्या-नाटके नेमलेली नसतात. मुले बोलायला कशी शिकतात, इंग्रजी शतकानुशतके कशी बदलत आली, प्रदेश, वर्ग, लिंग आणि व्यवसाय यांनुसार ती कशी वेगळी होते, याचा शास्त्रीय अंगाने विचार असतो. जोडविषयात नेमलेली साहित्यकृती असतेच, पण तिच्याकडे भाषाशास्त्राची हत्यारे घेऊन जायचे असते आणि त्याच हत्यारांनी प्रवासवर्णने, जाहिराती, मुलाखती, सहज झालेल्या गप्पांची लिखित नोंद असा साहित्याबाहेरचा मजकूरही उलगडायचा असतो.

उदाहरणार्थ, एक्यूए या परीक्षा मंडळाच्या लँग-लिटमध्ये पहिली प्रश्नपत्रिका तीन तासांची असून तिच्यात पॅरिस शहराविषयीच्या विविध मजकुरांचा संग्रह, एक कल्पित विश्वाची कादंबरी (‘फ्रँकेन्स्टाइन’ हा त्यांतला एक पर्याय) आणि एका कवीच्या निवडक कविता असतात. दुसरी अडीच तासांची. तिच्यात एखाद्या पुस्तकातला प्रसंग दुसऱ्या पात्राच्या किंवा दुसऱ्या लेखनप्रकाराच्या अंगाने स्वतः नव्याने लिहायचा, मग आपण तो तसाच का लिहिला याचे विवेचन करायचे आणि शेवटी एका नाटकाचा अभ्यास मांडायचा. या दोन प्रश्नपत्रिकांना प्रत्येकी 40 टक्के वजन आहे. उरलेले 20 टक्के कोर्सवर्कचे, म्हणजे एक साहित्यकृती आणि एक साहित्येतर मजकूर यांची तुलना करणारा, स्वतः निवडलेल्या विषयावरचा अडीच ते तीन हजार शब्दांचा शोधनिबंध. हे सारे वाचून ‘सोपा विषय’ असे कोणी म्हणेल असे मला वाटत नाही.

तरीही ‘अर्धे हे, अर्धे ते’ हा शिक्का या विषयाच्या कपाळी का बसला, ते सांगायला हवे. रसेल ग्रुप या ब्रिटनमधल्या नामवंत, संशोधनप्रधान विद्यापीठांच्या गटाने एके काळी ‘जास्त दारे उघडणाऱ्या’ विषयांची एक यादी प्रसिद्ध केली होती. तिच्यात इंग्रजी साहित्य होते, भाषा आणि जोडविषय नव्हते. ही यादी 2019 मध्ये मागे घेण्यात आली, पण पालकांच्या गप्पांत ती अजून जिवंत आहे. खरी परिस्थिती अशी, की इंग्रजी साहित्याच्या पदवीसाठी बहुतेक विद्यापीठांना साहित्य किंवा लँग-लिट यांपैकी काहीही चालते. नुसती भाषा घेतलेल्या विद्यार्थ्याची मात्र काही ठिकाणी अडचण होऊ शकते. कायद्याच्या पदवीला इंग्रजीच हवे अशी अट सहसा नसते, पण निबंधाच्या अंगाने लिहावा लागणारा विषय असणे उपयोगी ठरते. तुमच्या मुलीच्या मनात एखादे विद्यापीठ आताच असेल, तर त्याच्या संकेतस्थळावरची प्रवेशाची अट तिने आपल्या डोळ्यांनी वाचावी; ओळखीच्या कुटुंबाच्या सांगण्यापेक्षा ती अधिक भरवशाची.

मुलीला हाच विषय साजेल का, हे श्रेणीवरून ठरवू नका. ती मजकुराकडे कशी पाहते, त्यावरून ठरवा. यासाठी एक छोटी कसोटी सुचवते. स्लाउहून लंडनला जाताना गाडीत पुन्हा पुन्हा एक घोषणा ऐकू येते : ‘सी इट. से इट. सॉर्टेड.’ संशयास्पद काही दिसले तर कळवा, असे सांगणारी रेल्वे पोलिसांची ही मोहीम 2016 मध्ये सुरू झाली आणि तुम्हा सर्वांची ती पाठ झाली असेल. हीच घोषणा तिच्यापुढे ठेवा आणि हिच्यात काय दिसते, एवढेच विचारा. ती म्हणेल, की तिन्ही शब्द ‘स’ने सुरू होतात. हे कोणालाही दिसते. थोडे थांबलात तर कदाचित तिच्या लक्षात येईल, की पहिली दोन वाक्ये आज्ञार्थी आहेत, ती प्रवाशाला उद्देशून आहेत आणि काम प्रवाशाने करायचे आहे. तिसऱ्या ठिकाणी मात्र क्रियापदाचे रूपच बदलते. ‘सॉर्टेड’ म्हणजे मिटले, झाले. कोणी मिटवले? कर्ता गायब आहे. पहिल्या दोन पावलांचा ठेका तिसऱ्या पावलालाही चालू आहे असे कानाला वाटते, पण व्याकरण तिथे मोडलेले असते, आणि त्या मोडण्यातच ‘तुम्ही फक्त सांगा, पुढचे आमच्याकडे लागले’ हा दिलासा भरलेला असतो. शिवाय ‘सॉर्टेड’ हा सरकारी शब्द नव्हे, तो चहाच्या टपरीवरचा शब्द आहे. वर्दीतल्या यंत्रणेने तो उचलला, कारण तिला शेजाऱ्यासारखे बोलायचे होते. तीन वाक्यांत एवढे सगळे चाललेले पाहून जिचे डोळे चमकतात, तिने लँग-लिट घ्यावे. जी म्हणेल, की हे ठीक आहे, पण मला त्या कादंबरीतल्या बाईचे पुढे काय झाले याचाच विचार सुटत नाही, तिने साहित्य घ्यावे. दोन्ही उत्तरे चांगलीच आहेत, फक्त पुढची दोन वर्षे वेगळी जातात.

साहित्याच्या बाजूने याच गोष्टीचा एक नमुना पाहा. शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’च्या तिसऱ्या अंकात एक प्रवेश आहे. सेनापती ऑथेल्लो आपल्या हाताखालच्या इयागोला विचारतो, की तुला काय वाटते? इयागो उत्तर देत नाही, ‘वाटते, महाराज?’ अशा अर्थाने त्याचाच शब्द त्याला परत करतो. असे एकदा नव्हे, ओळीने काही वेळा घडते, आणि अखेर हा माझेच बोलणे मला परत ऐकवतो आहे, असे ऑथेल्लो वैतागून म्हणतो. साहित्याचा विद्यार्थी येथे मत्सर, विश्वासघात, शोकांतिकेची जुळणी, ऑथेल्लोचे त्या समाजातले परकेपण यांवर उत्तम लिहू शकेल. लँग-लिटचा विद्यार्थी हेच विचारात घेतो, पण त्याच्या हाती आणखी एक साधन असते : संभाषणात प्रश्नाला उत्तर येणे अपेक्षित असते, आणि प्रश्न विचारण्याचा अधिकार सहसा वरिष्ठाचा असतो. येथे प्रश्न वरिष्ठच विचारतो आहे, तरीही कनिष्ठ उत्तर रोखून धरतो आणि तेवढ्यानेच संभाषणाची सूत्रे त्याच्या हाती जातात. हुद्दा ऑथेल्लोचा, सत्ता इयागोची. हे कोणत्या ओळीत, कोणत्या शब्दाने घडले, तेथे बोट ठेवून दाखवायचे, हे या विषयाचे मर्म आहे.

आता तुमची धास्ती. ती मी गांभीर्याने घेते, कारण मीही ती बाळगूनच या देशात आले होते. पुण्याला मी इंग्रजी साहित्यात पदवी घेतली होती, चांगल्या गुणांनी घेतली होती, आणि येथल्या विद्यापीठातला माझा पहिला निबंध समीक्षकांच्या मतांनी गच्च भरलेला होता. तो परत आला तेव्हा समासात पेन्सिलीने जागोजागी एकच प्रश्न लिहिलेला होता : ‘हे कोणाचे मत?’ माझे इंग्रजी कमी पडले नव्हते. नोट्स पाठ करून मांडण्याची सवय नडली होती. पुढे सिक्स्थ फॉर्म कॉलेजात मी बरीच वर्षे शिकवले आणि तेव्हाही हेच पाहिले, की जन्मापासून इंग्रजी बोलणारी मुलेही येथेच अडखळतात. जीसीएसईला त्यांनी एक साचा गिरवलेला असतो : विधान करा, अवतरण द्या, स्पष्टीकरण द्या, पुढच्या परिच्छेदाकडे वळा. ए-लेव्हलला तो साचा पुरत नाही. तेथे युक्तिवाद पहिल्या वाक्यापासून शेवटपर्यंत चालता राहावा लागतो आणि मध्येच स्वतःच्या मताला छेद देणारी ओळ सापडली, तर तिला टाळून पुढे जाता येत नाही. हे शिकण्यात मातृभाषेचा फायदा कोणालाच मिळत नाही.

उलट, दोन भाषांत वाढलेल्या मुलीकडे एक गोष्ट असते जी एकभाषिक मुलांना कष्टाने मिळवावी लागते : भाषा ही नैसर्गिक हवा नसून रचलेली वस्तू आहे, ही जाणीव. मुलांच्या भाषाविकासाचा धडा शिकवताना मी नेहमी इंग्रजी बोलणाऱ्या लहान मुलाचे ‘आय गोड’ हे वाक्य फळ्यावर लिहीत असे. ‘वेंट’च्या जागी मूल ‘गो’ला भूतकाळाचा प्रत्यय लावते. एकदा वर्गात एक मराठी मुलगा होता. तो लगेच म्हणाला, माझा धाकटा भाऊ ‘केलं’ न म्हणता ‘करलं’ म्हणतो. सगळा वर्ग त्याच्याकडे वळला. ‘करलं’ हे मुलाने कोणाकडून ऐकलेले नसते, तरी ते म्हणते, याचा अर्थ ते नुसती नक्कल करत नाही, नियम शोधते आहे. जो मुद्दा पटवायला मला वीस मिनिटे लागली असती, तो त्या मुलाने आपल्या घरातल्या एका शब्दाने सिद्ध केला. तुमच्या मुलीच्या घरात अशी सामग्री रोज जेवणाच्या टेबलावर पडलेली असते.

एका ठिकाणी मात्र तिला खरोखर कमी पडेल, आणि ते मी झाकून ठेवत नाही. मराठी कवितेत ‘लक्ष्मणरेषा’ म्हटले, की आपल्याला तळटीप लागत नाही. इंग्रजी साहित्यात तीच जागा बायबलमधल्या आणि ग्रीक पुराणांतल्या कथांची आहे. आदम आणि हव्वा, केन आणि एबल, उधळ्या मुलाचा दृष्टांत, प्रॉमिथ्यूस, इकारस हे माहीत नसले, तर ‘फ्रँकेन्स्टाइन’सारखी कादंबरी अर्धी बंदच राहते. येथल्या मुलांच्या कानांवर त्या कथा प्राथमिक शाळेपासून कुठे ना कुठे पडलेल्या असतात. तिने उन्हाळ्याच्या सुट्टीत या कथा शांतपणे वाचून काढाव्यात. धार्मिक हेतूने नव्हे, शब्दकोश जवळ ठेवावा तशा. दुसरी अडचण स्वभावाची. सिक्स्थ फॉर्म कॉलेजात गणवेश बहुधा नसतो, शिक्षकांना अनेक ठिकाणी नावाने हाक मारतात, आणि ‘मला तसे वाटत नाही’ असे शिक्षकाला तोंडावर म्हणणे उद्धटपणा समजला जात नाही, किंबहुना त्याचीच वाट पाहिली जाते. आपल्याकडच्या मुलींना याची सवय व्हायला वेळ लागतो. ती पहिल्या काही महिन्यांत वर्गात गप्प राहिली, तर तिला समजत नाही असा अर्थ घरात काढू नका.

विज्ञानाचे काय, हा प्रश्न उरतो. तो फक्त एकाच कारणाने विचारावा : तिला स्वतःला डॉक्टर किंवा इंजिनिअर व्हायचे आहे का? वैद्यकीय अभ्यासक्रमाला बहुतेक ठिकाणी रसायनशास्त्र लागते आणि इंजिनिअरिंगला गणित. ते आता सोडले, तर पुढे वाट वळवणे कठीण जाते, हे तिला स्पष्ट सांगा. तिला तसे व्हायचे नसेल, तर केवळ दारे उघडी राहावीत म्हणून तीन नावडते विषय दोन वर्षे ओढण्यात काही हाशील नाही. ए-लेव्हलच्या गणिताला अनेक कॉलेजे जीसीएसईला 6 किंवा 7 मागतात, म्हणजे तिची सुरुवात काठावरून होईल. यजमानांच्या समाधानासाठी एवढे सांगते, की मानसशास्त्रात संशोधनपद्धती आणि संख्याशास्त्र असते आणि किमान 10 टक्के गुण गणिती कौशल्यांना असतात, त्यामुळे आकड्यांशी तिची ताटातूट होणार नाही. वाचादोषांवर उपचार करणाऱ्या स्पीच थेरपिस्टच्या व्यवसायाकडे जायचे ठरवले, तर भाषेचा आणि मानसशास्त्राचा अभ्यास तेथे थेट उपयोगी पडतो. हा मार्ग आपल्या घरांत फारसा कोणाला ठाऊक नसतो.

कॉलेजच्या भेटीच्या दिवशी तुम्ही दोघे तिच्याबरोबर जा, पण प्रश्न तिला विचारू द्या. परीक्षा मंडळ कोणते, नेमलेली पुस्तके कोणती, कोर्सवर्कचा विषय विद्यार्थ्याला खरोखर निवडू देतात की यादीतून घ्यायला लावतात, आणि वर्गात किती मुले असतात, हे चार प्रश्न पुरेत. पुस्तकांविषयीचे उत्तर ऐकताना शिक्षकाच्या चेहऱ्याकडे पाहा. आवडीने शिकवणारा माणूस तेथे पटकन ओळखू येतो. परीक्षा दोन वर्षांच्या शेवटी एकदम होते, कोर्सवर्क सोडले तर मध्ये गुण साठत नाहीत, म्हणून शिक्षक चांगला असणे येथे फार मोलाचे आहे. ऑगस्टमध्ये निकाल लागल्यावर नाव नोंदवताना विषय बदलता येतो आणि सप्टेंबरच्या पहिल्या काही आठवड्यांतही बहुतेक कॉलेजे तशी मुभा देतात, तेव्हा आजचा निर्णय दगडावरची रेघ आहे असे समजू नका.

आणि तुमची मदत. तुम्ही मराठीत बी.ए. केले, म्हणजे गोविंद बल्लाळ देवल तुम्हाला नवे नाहीत. ‘ऑथेल्लो’चे त्यांनी 1890 मध्ये ‘झुंझारराव’ या नावाने मराठी रूपांतर केले. या उन्हाळ्यात ते मिळवा. मी वर सांगितलेला तिसऱ्या अंकातला प्रवेश तिने इंग्रजीतून मोठ्याने वाचावा, मग तुम्ही तोच प्रवेश देवलांच्या मराठीतून मोठ्याने वाचा आणि इयागो जिथे प्रश्न परत फेकतो, तिथे देवलांनी कोणता शब्द योजला आहे, त्याने ‘आपण’ म्हटले आहे की ‘तुम्ही’, हे दोघी मिळून शोधा. इंग्रजीत त्या काळी ‘दाऊ’ आणि ‘यू’ असा भेद होता आणि शेक्सपिअर तो फार विचारपूर्वक वापरतो. आजच्या इंग्रजी मुलांना तो कानाला जाणवत नाही, शिकवावा लागतो. ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांत वाढलेल्या तुमच्या मुलीला तो समजावण्यासाठी तुमच्याइतके योग्य त्या कॉलेजातही कोणी नसेल.